गोंदियाचा दिल्लीतला माणूस

फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक अख्खी निवडणूक रद्द ठरवली. खटला आपल्या पूर्व विदर्भातला होता. चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी हे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. ‘मूलजी सिक्का आणि कंपनी’ या विडीच्या पेढीत त्यांची भागीदारी होती, आणि सैन्याच्या कॅन्टीनसाठी विड्या पुरवण्याचा त्या पेढीचा सरकारशी करार होता. सरकारशी असा करार असलेल्या माणसाला उमेदवारी करता येत नाही, असे कायदा सांगत होता. त्याच खटल्यात आणखी एक मुद्दा होता. राखीव जागेसाठी आलेला गंगाराम ठवरे यांचा अर्ज, त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला आहे म्हणून आता ते महार राहिले नाहीत, असे सांगून नाकारण्यात आला होता. एके काळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. ठवरे महारच आहेत, त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला आणि जसाणींची उमेदवारीही अवैध, असे त्यात ठरले. भंडाऱ्याच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

दोन्ही जागा म्हणायचे कारण असे की, भंडारा तेव्हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात झालेल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, असा काही कार्यकर्त्यांचा हिशेब होता. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. ज्याने राज्यघटनेचा मसुदा केला, तो मतदाराला मत जाळायला सांगणार नव्हता. निकालात मेहता निवडून आले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांचा आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभव केला. बोरकर फार काळ खासदार राहिले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या.

बाबासाहेब मात्र या पराभवानंतरही संसदेतच होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरल्यावर ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी, शेवटच्या दिवसापर्यंत, त्या सभागृहाचे सदस्य राहिले. लोकांनी निवडून दिले नाही म्हणून देशाने असा माणूस गमवावा का, याचे उत्तर राज्यसभेने तेव्हा दिले. राज्यसभेचा तो सर्वांत उजळ उपयोग होता, असे मी मानतो.

या भंडारा मतदारसंघाचे, म्हणजे २००९ पासूनच्या भंडारा-गोंदियाचे, सर्वांत दीर्घ संसदीय आयुष्य ज्यांच्या वाट्याला आले ते प्रफुल पटेल याच दोन दारांमधून ये-जा करत राहिले. चार वेळा लोकसभा, सहा वेळा राज्यसभा. १९९१ ते आज या काळात १९९९-२००० मधले काही महिने आणि २०१४ मधले थोडे दिवस सोडले, तर ते सतत संसदेत आहेत. गोंदियात कुणाला ‘भाईजी’ म्हटले की आडनाव सांगावे लागत नाही. त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक लेखक मुंबई-दिल्लीची बाजू सांगतात : शरद पवारांचे विश्वासू, विमानांचे मंत्री, फुटबॉलचे अध्यक्ष. या लेखात मला गोंदियाची बाजू बघायची आहे. इतकी वर्षे आपला माणूस दिल्लीत असल्याचे धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला काय मिळाले, आणि काय मिळू शकले नाही?

गोंदिया रेल्वेने वाढवलेले गाव. हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन, इथून बालाघाटकडे आणि चांदा फोर्टकडे फुटणाऱ्या लायनी, आसपास जंगल आणि जंगलात तेंदूपत्ता. तेंदूपत्त्याने विडी आणली, विडीने गुजराती पेढ्या आणल्या. धानाने राइस मिल आणल्या. शहराची भाषा हिंदीकडे झुकलेली, खेड्यांत झाडीबोली आणि पोवारी, पूर्वेकडे छत्तीसगढी, देवरी-सालेकसाच्या जंगलात गोंडी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. मुंबईहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्ही इथे संपतात. राज्य इथे संपते, हे गोंदियाच्या माणसाला रेल्वेच्या वेळापत्रकातूनच कळत आले आहे. इकडच्या राजकारणाचे बरेचसे सार या अंतरात आहे. मुंबई हजार किलोमीटर लांब, तेव्हा तिथे किंवा दिल्लीत ज्याचा शब्द चालतो त्याची किंमत इथे जास्त.

हे पहिल्यांदा ओळखले प्रफुल पटेलांचे वडील मनोहरभाई पटेल यांनी. ९ फेब्रुवारी १९०६ रोजी गुजरातेत नडियादकडे जन्मलेले मनोहरभाई विडीच्या धंद्यात गोंदियाला आले आणि इथलेच झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत गोंदियाचे आमदार झाले, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि विधानसभा नागपुरात भरत होती. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आले, १९६० मध्ये महाराष्ट्र. राजधानी नागपूरहून उठून मुंबईला गेली. अशा वेळी यशवंतराव चव्हाणांशी स्नेह असलेला गोंदियाचा माणूस जिल्ह्याच्या फार कामाचा होता. बाघ आणि इटियाडोह या सिंचन प्रकल्पांच्या पाठपुराव्यात त्यांचे नाव आजही घेतले जाते. गाढवी नदीवरचा इटियाडोह आज अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यात उन्हाळी धानाला पाणी देतो. ज्याच्या बांधीत ते पाणी येते, त्याला मनोहरभाईंचे नाव कुणी शिकवावे लागत नाही.

त्यांचे खरे मोठे काम मात्र शाळांचे. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, नटवरलाल माणिकलाल दलाल वाणिज्य महाविद्यालय, गावोगावच्या माध्यमिक शाळा, पुढे त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. आज विज्ञान शाखा कुठेही मिळते, म्हणून त्या काळाची कल्पना येत नाही. बी.एस्सी. करायचे तर नागपूरला खोली घेऊन राहावे लागे, आणि दोन-तीन एकर धानाच्या घरातून ते पैसे निघत नसत. या पट्ट्यातल्या पोवार, कुणबी, तेली, कोहळी, बौद्ध घरांतल्या पहिल्या पदवीधर पिढीतल्या कितीतरी जणांच्या गुणपत्रिकेवर या संस्थेचे नाव आहे. तेच पुढे गावच्या शाळेत मास्तर झाले, तलाठी झाले, बँकेत लागले. संस्थेचे जाळे आणि कुटुंबाचे राजकारण एकमेकांत गुंतत गेले, हेही खरे. पण इथे गुजराती मते मूठभर. जातीच्या आकड्यावर निवडणूक लढवणे पटेल कुटुंबाला कधीच शक्य नव्हते, म्हणून त्यांना संस्था उभी करावी लागली. मतदाराने दिलेल्या बळाचा इतका टिकाऊ मोबदला फार थोड्या पुढाऱ्यांनी परत केला असेल. ९ फेब्रुवारीला गोंदियात दरवर्षी मनोहरभाईंची जयंती साजरी होते आणि गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. मंचावर दिल्ली-मुंबईची मोठी नावे असतात.

१९७० मध्ये मनोहरभाई गेले, तेव्हा १७ फेब्रुवारी १९५७ ला कोलकात्यात जन्मलेले प्रफुल पटेल तेरा वर्षांचे होते. शिक्षण मुंबईत, कॅम्पियन शाळा आणि सिडनहॅम महाविद्यालय, मग घरचा सीजे समूहाचा धंदा. १९८५ मध्ये गोंदिया नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नगराध्यक्षपद म्हणजे नाली, नळ आणि बाजारातले अतिक्रमण. माणूस लोकांना रोज सापडतो, रोज बोलणी खातो. सहा वर्षांनी, १९९१ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते भंडाऱ्याचे खासदार झाले. १९९६ ला पुन्हा, १९९८ ला पुन्हा. १९९९ मध्ये काँग्रेस फुटली, ते शरद पवारांबरोबर राष्ट्रवादीत गेले, आणि त्या वर्षी ही जागा भाजपचे चुन्नीलाल ठाकूर यांनी जिंकली. २००० मध्ये पटेल राज्यसभेवर गेले.

इथपर्यंतची कथा चारचौघांसारखी. २००४ ने ती बदलली.

त्या वर्षी प्रफुल पटेल पुन्हा भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले. भाजपचे शिशुपाल पटले जिंकले, फरक जेमतेम तीन हजारांचा. बाबासाहेबांना नाकारणाऱ्या फरकाहूनही तो कमी होता. देशात मात्र वाजपेयी सरकार गेले, मनमोहन सिंग पंतप्रधान झाले, आणि राज्यसभेची मुदत शिल्लक असलेले पटेल मे महिन्यात नागरी विमान वाहतूक खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री झाले. स्वतःच्या मतदारसंघाने ज्याला नको म्हटले, तो महिन्याभरात केंद्रात मंत्री झाला. यात बेकायदा काही नाही. घटनेने मंत्र्याला दोहोंपैकी कुठल्याही सभागृहाचे सदस्य असण्याची मुभा दिली आहे आणि खुद्द पंतप्रधानही राज्यसभेचेच होते. तरी मतदाराच्या बाजूने पाहिले, तर त्याच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार म्हणजे घरी बसवण्याचा अधिकार, आणि तो इथे चालला नाही.

अमेरिकेतल्या दीर्घ संसदीय आयुष्यांशी ताडून पाहिले की हा फरक नीट दिसतो. मिशिगन राज्यातले जॉन डिंगेल १९५५ च्या डिसेंबरात प्रतिनिधीगृहात आले आणि जानेवारी २०१५ पर्यंत, एकोणसाठ वर्षे, तिथे राहिले. प्रतिनिधीगृहात इतकी वर्षे दुसरे कुणी बसलेले नाही. त्यांची जागा वडिलांचीच. थोरले डिंगेल १९३३ पासून खासदार होते आणि सर्वांना आरोग्यविमा मिळावा, असे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले होते. ते गेल्यावर मुलाने प्रत्येक नव्या सभागृहात तसे विधेयक पुन्हा दाखल केले. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअरचा कायदा १९६५ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर डिंगेल बसले होते. पण त्या एकोणसाठ वर्षांत दर दोन वर्षांनी त्यांना त्याच परिसरातल्या लोकांसमोर जावे लागले. एकदा हरले असते तर खेळ संपला असता, कारण मागचे दार नव्हते. अमेरिकेतही पूर्वी सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जात. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ती पद्धत बंद झाली. आपण उलट दिशेने गेलो. २००३ च्या दुरुस्तीने राज्यसभेचा सदस्य ज्या राज्यातून निवडला जातो त्या राज्याचा तो रहिवासी असण्याची अट काढली, आणि कुलदीप नय्यर खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती योग्य ठरवली.

प्रफुल पटेलांना रहिवासाची अडचण नव्हती. ते गोंदियाचेच. प्रश्न पत्त्याचा नसून जबाब कुणाला द्यायचा याचा आहे.

मंत्री म्हणून त्यांची पावणेसात वर्षे देशाच्या विमानसेवेचा चेहरा बदलणारी ठरली. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ २००६ मध्ये खासगी भागीदारीत गेले, हैदराबाद आणि बंगळूरचे नवे विमानतळ २००८ मध्ये सुरू झाले, स्वस्त तिकिटांच्या कंपन्या याच काळात फोफावल्या. मध्यमवर्गाला विमानात बसवल्याचे श्रेय त्यांच्या खात्यावर मांडायला हरकत नाही. याच काळात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली आणि २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. त्या ओझ्याखाली एअर इंडिया कर्जात बुडत गेली आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. विमाने भाड्याने घेण्याच्या व्यवहाराबद्दल सीबीआयने २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला आणि मार्च २०२४ मध्ये पुरावा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. त्याआधी आठ-नऊ महिने, जुलै २०२३ मध्ये, पटेल अजित पवारांबरोबर सत्तेच्या बाजूला आले होते. दोन्ही तारखा मी नोंदवून ठेवतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ते २००९ ते २०२२ अध्यक्ष होते. २०१७ ची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, आणि मुदत संपूनही निवडणूक न झाल्याने मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले.

आता गोंदियाकडे. शहरापासून थोड्या अंतरावर बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली होती. पुढची कित्येक वर्षे ती पडून होती. पटेल मंत्री असताना तिचा विस्तार झाला, विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीतून वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ विमाने घिरट्या घालू लागली. देशातल्या अनेक वैमानिकांनी पहिले उड्डाण इथे केले आहे. बिरसी आणि आसपासच्या ज्यांची जमीन गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. आणि तिकीट काढून बसता येईल असे पहिले नियमित विमान गोंदियाहून उडाले ते १३ मार्च २०२२ रोजी, पटेलांचे खाते जाऊन अकरा वर्षे झाल्यावर. इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी फ्लायबिगची ती सेवा काही महिन्यांत थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदियाहून हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू केली.

विमानतळावर टीका करणारे विचारतात, धानवाल्याला विमान कशाला? मला हा प्रश्न पटत नाही. मागास जिल्ह्याने बैलगाडीवरच राहावे, असे म्हणण्यासारखेच ते आहे. मला बोचते ते वेगळे. बिरसीची धावपट्टी दिल्लीतल्या एका खोलीत, एका मंत्र्याच्या इच्छेने मंजूर होऊ शकत होती, म्हणून ती झाली. ज्या गोष्टींसाठी वर्षानुवर्षे गावात पाय घासावे लागतात, त्या झाल्या नाहीत. तलाव घ्या. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव ही भंडारा-गोंदियाची सिंचनाची खरी दौलत. त्यांचा गाळ, फुटलेल्या पाळी, बुजलेले पाट, काठावरची अतिक्रमणे या प्रश्नांना भूमिपूजनाचा दगड लागत नाही. विडी कामगार बायांचे बघा. हजार विड्यांवर मजुरी, त्यातून खराब पानाची आणि ‘छाट’ची, म्हणजे नाकारलेल्या विड्यांची, कपात, आणि धंदा आटत चालल्यावर दुसरे काम काय, हा प्रश्न. ज्या घराण्याचा पाया विडीत आहे आणि ज्यातला माणूस तीन दशके संसदेत आहे, त्या घराण्याकडून या बायांनी काही अधिक अपेक्षा केली तर ती रास्त आहे.

२००९ ची निवडणूक मंत्री म्हणून लढवताना पटेलांना मतदारांनी डोक्यावर घेतले. अपक्ष नाना पटोलेंचा त्यांनी अडीच लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. तो त्यांचा सर्वोच्च काळ. २०११ मध्ये अवजड उद्योग खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. तिरोड्यात अदानींचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प याच वर्षांत उभा राहिला. मे २०१३ मध्ये साकोलीजवळ मुंडीपार येथे भेल कंपनीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. सौर उपकरणांचा कारखाना येणार, पोरांना हाताला काम मिळणार, अशी मोठी आशा त्या भागात होती. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. कारखाना उभा राहिला नाही. वर्षभराने, २०१४ मध्ये, त्याच नाना पटोलेंनी भाजपच्या तिकिटावर पटेलांना सुमारे दीड लाख मतांनी हरवले. त्या वर्षी देशभर मोदींची लाट होती, हे खरे. पण अडीच लाखांचे मताधिक्य पाच वर्षांत उलटून दीड लाखांचा खड्डा पडतो, तेव्हा सगळे लाटेच्या नावावर टाकता येत नाही. धानाचा भाव, बोनस, खरेदी केंद्रांवरची रांग आणि मुंडीपारचे ओसाड माळरान यांचा त्यात वाटा होता, असे माझे मत आहे.

पटोलेंची गोष्टही याच मातीची. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये भाजपची खासदारकी सोडली आणि काँग्रेसमध्ये गेले. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे जिंकले, २०१९ मध्ये भाजपचे सुनील मेंढे, २०२४ मध्ये काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे. २०१४ पासून दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या पक्षांचे चार खासदार. या मतदारसंघाला एकनिष्ठ म्हणता येणार नाही, पण झोपलेलाही म्हणता येणार नाही. नाराज झाला की तो माणूस बदलतो. सत्तरी गाठलेली लोकशाही अशीच चालावी, असे मला वाटते.

प्रफुल पटेलांवर या उलथापालथीचा परिणाम झाला नाही. २०१४ च्या पराभवानंतर तारिक अन्वर लोकसभेवर गेल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर ते राज्यसभेत आले. २०१६ मध्ये पूर्ण मुदत मिळाली. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात बऱ्याच वर्षांनी राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान झाले, सहा जागांसाठी सात उमेदवार होते, आणि पटेल पहिल्या पसंतीच्या ४३ मतांनी निवडून आले. २०१४ मध्ये साडेचार लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले होते आणि ते हरले होते. ४३ आमदार पुरेसे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये, राष्ट्रवादीच्या फुटीनंतरच्या अपात्रतेच्या वादात, चार वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असताना त्यांनी नव्याने अर्ज भरला आणि बिनविरोध निवडून आले. सोडलेल्या जागेवर जूनमध्ये सुनेत्रा पवार गेल्या. त्याच महिन्यात नव्या केंद्र सरकारात पटेलांना स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले गेले. आपण आधी कॅबिनेट मंत्री होतो, असे सांगून त्यांनी ते घेतले नाही.

राज्यसभेतल्या दीर्घ मुक्कामाचा जिल्ह्याला फायदा झाला नाही, असे मी म्हणणार नाही. खासदार निधीसाठी राज्यसभा सदस्य राज्यातला कुठलाही जिल्हा निवडू शकतो. मंत्रालयातला सचिव त्यांचा फोन घेतो. धानाच्या बोनसचा विषय अडला की गोंदियाची शिष्टमंडळे त्यांच्या दारी जातात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात हेक्टरी वीस हजार रुपयांचा बोनस जाहीर झाला तेव्हा या भागातले सत्तेतले सगळेच पुढारी त्याचा उल्लेख अभिमानाने करत होते. वजनदार माणूस उपयोगी पडतो, यात शंका नाही. अडचण अशी की तो कधी उपयोगी पडेल, हे तोच ठरवतो. नगराध्यक्ष असताना पटेलांना नालीसाठी जाब विचारता येत होता. ४३ मतांच्या खासदाराला बोनसबद्दल विनंतीच करता येते.

म्हणून वडील आणि मुलगा यांची तुलना करताना मला मंत्रिपदे मोजावीशी वाटत नाहीत. मनोहरभाई मंत्री नव्हते. त्यांची आमदारकी नागपूर, मग मुंबई, इतकीच. पण त्यांनी उभारलेल्या गोष्टी गावाच्या पायवाटेवर होत्या : शाळा, महाविद्यालय, पाट. दर पाच वर्षांनी त्याच वाटेने त्यांना मत मागायला जायचे होते. मुलाच्या कामाचा पल्ला शंभरपट मोठा होता, आणि म्हणूनच ते काम गोंदियाच्या माणसाला स्वतःचे वाटायला कठीण गेले. मुंबईचा चकचकीत विमानतळ पाहून अर्जुनी मोरगावचा धान उत्पादक मत देत नाही, आणि देऊही नये.

दिवाळीत हलके धान कापून खळ्यावर आलेले असते, भारी धान अजून उभे असते. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि उद्घाटनाला पुढारी येतात. या दिवसांत शेतकऱ्याला पैसा हवा असतो : मजुरी द्यायची, किराण्याची उधारी फेडायची, मंडईला आलेल्या लेकी-जावयाला कपडे घ्यायचे. आधारभूत खरेदी केंद्र वेळेत उघडले नाही, की तो हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा होतो, आणि केंद्र उघडते तेव्हा त्याच्या कोठीत विकायला काही उरलेले नसते. केंद्रे केव्हा उघडायची, बारदाना किती, गोदामे कुठली, मिलवाल्यांशी भरडाईचा करार कधी, हे निर्णय मुंबईत आणि दिल्लीत होतात. दोन्हीकडे ज्याच्यासाठी दार उघडते, असा एक माणूस या जिल्ह्याजवळ आहे, आणि त्याची मुदत एप्रिल २०३० पर्यंत आहे. दरवर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी गोंदिया-भंडाऱ्यातले प्रत्येक खरेदी केंद्र सुरू होईल, एवढी एकच गोष्ट या मुदतीत प्रफुल पटेलांनी लावून धरावी. तशी मागणी जिल्ह्याने त्यांच्याकडे लेखी करावी, ग्रामसभांचे ठराव जोडून करावी, मत मागायला ते येणार नसले तरी.